सव्वीस पावलांवरची घंटी

सोमवार, ३ मार्च

दादा,

घंटी सापडली. ती आपल्याच कारखान्यातली आहे, हे काल दुपारी ऑइलमनकाकांनी नक्की केलं. भंगारातून निघालेल्या तीन घंट्या टेबलावर मांडल्या होत्या. काकांनी पहिल्या दोन नुसत्या बघून बाजूला सारल्या आणि तिसरीच्या कडेवरून अंगठा फिरवला. कडेला एक खाच आहे. "हीच ती बया," म्हणाले आणि प्यायला पाणी मागितलं.

बारा वर्षांनी पत्र लिहितोय आणि सुरुवात घंटीने करतोय, म्हणून वैतागशील. वैताग. पण काम घंटीचंच आहे आणि त्यात मला तुझी मदत हवी आहे. बाकी काही नको.

कारखाना पाडला तरी मशीनची शेड ठेवली, हे तुझ्या कानावर आलं असेल. तिथे आता संग्रहालय होतंय. कागदाचं मशीन केव्हाच विकलं गेलं. रिकाम्या शेडमध्ये सहा स्पीकर लावून कारखान्याचा एक दिवस बावीस मिनिटांत ऐकवायचा असं ठरलंय, आणि कारखाना बंद पडल्यावर मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात शिरलो, म्हणून ते काम माझ्याकडे आलंय. निवेदन अगदी थोडं. बाकी सगळी गोष्ट आवाजांनी सांगायची: शिफ्टचा भोंगा, लगद्याच्या टाक्या, कागद सुटतानाची फडफड, जेवणाची सुट्टी. शेवटी काकांचा अपघात, आणि मशीन थांबवा म्हणून त्यांनी ओढलेली ही घंटी. दिग्दर्शिकाबाई नाटकांतून आल्या आहेत. कागद कसा तयार होतो ते मी त्यांना अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे भिजवायचं आणि वाळवायचं, एवढंच ना?"

तुझं मशीन सध्या मी घरच्या घरी बनवतोय. कागदाखालच्या लोकरी ब्लँकेटसाठी आमचं पांघरायचं ब्लँकेट भिजवून पिळतो. पट्ट्याचा फटका म्हणजे पत्र्याच्या टेबलावर आपटलेला माझाच कमरेचा पट्टा. बेअरिंगसाठी स्टीलच्या पातेल्यात गोट्या फिरवल्या. एकावर एक असे एक्केचाळीस थर झालेत. कुठला कधी वर काढायचा, कुठला दाबायचा, कुठला मधेच कापायचा, यात आठवडे गेले. एवढं करून पंप काही जमत नाही. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड पिंपाला लावलं, तर पंपाऐवजी घोरणारा म्हातारा तयार झाला. बायकोने दार ठोठावून विचारलं, "आत कोणाला मारताय?"

तर प्रश्न एवढाच. तू ज्या फळीवर उभा राहायचास, तिथून पंप कुठल्या हाताला होता आणि किती लांब? मला आठवत नाही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझा धाकटा


बुधवार, १२ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, पण वहिनीचा फोन आला. म्हणाली, "भाऊजी, पत्र पोचलं. उघडलं, वाचलं आणि खालच्या खणात टाकलं."

"रागावलाय?"

"राग असता तर फाडलं असतं. तुम्हा दोघांचं मला काही कळत नाही. आणि कळून घ्यायलाही आता कंटाळा येतो."

तिनेच सांगितलं की उद्घाटनानंतरच्या आठवड्यात ठमीची शाळा संग्रहालय बघायला येणार आहे. मी विचारलं, ठमीला सगळं माहीत आहे का? "बापाने मशीन थांबवलं नाही म्हणून एकाचा हात गेला, हे सगळ्या जगाला माहीत आहे. तिलाच का नसेल?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

काल पहिली जुळणी ऐकवली. तुला मनापासून सांगतो, घंटी फार सुंदर आली होती. तेच तर झालं. आमच्या धंद्यात प्रत्येक आवाज शांत खोलीत, हातभर अंतरावरून, लाडाने धरतात. मग तो गर्दीत सोडला तरी गर्दीत मिसळत नाही, नवऱ्यामुलासारखा वेगळा उठून दिसतो. बाई खूश झाल्या. "काटा आला अंगावर. अजून थोडी वर काढा."

काका मागच्या खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "एवढी वाजली असती तर माझा हात असता."

बाईंनी वळून पाहिलं. "वा! काका, हे वाक्य आपण निवेदनात घेऊ या का?"

"बाई, मी नाटकातलं बोलत नाहीये."

संध्याकाळी बाईंच्या सूचनांचा कागद आला. पहिलीच सूचना: घंटी वर. निवेदनात तिच्या पाठोपाठ दोन वाक्यं आहेत: "घंटी वाजत राहिली. मशीन थांबलं नाही." खणखणीत घंटीनंतर ही दोन वाक्यं आली की ऐकणारा कुणाकडे बोट दाखवेल, हे सांगायला नको. मी बाईंना म्हटलं, घंटी खाली आणू या. "किती खाली?" असं त्यांनी विचारलं. वीस वेळा खाली-वर केली. कुठल्याही जागी ठेवली तरी ती माझ्या मर्जीने ठेवलेली वाटते. चिडून हेडफोन भिरकावले, आता त्यांची एक बाजू वाजत नाही.

अपघाताच्या चौकशीत मला घंटी वाजली का, असं विचारलं होतं. वाजली होती. मी ऐकली होती. जेवढं विचारलं तेवढंच मी सांगितलं, हे तुलाही माहीत आहे.

पंपाचं तेवढं कळव.

तुझा धाकटा


मंगळवार, १८ मार्च

दादा,

तुझा कागद मिळाला. वर नाव नाही, खाली सही नाही, पण रेघा तुझ्याच: पट्टी न वापरता सरळ. पंप खिडकीकडे, फळीपासून चार पावलं, डाव्या हाताला. पाण्याचे फवारे समोर. घंटीसाठी दोन फुल्या: पहिली फळीच्या डोक्यावर, तिथे "रंगकामाआधी". दुसरी मशीनच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यामागे. तिथे "नंतर. सव्वीस पावलं." आणि त्याखाली, "तू विसरलास?"

कागद मी टेबलासमोर चिकटवलाय. शेवटची ओळ झाकली जाईल असा चिकटवता आला असता, पण नाही केलं.

पावलं मिळाली तसा माझा वैताग थोडा निवळला. निदान कशावरून तरी मोजता येतंय. आपल्या मशीनच्या जोडीचं एक मशीन अजून एका कारखान्यात चालतं. तिथल्या मॅनेजरला नऊ फोन केले. दहाव्याला ते म्हणाले, "आवाज ध्वनिमुद्रित करायचाय? अहो, आम्ही तो बंद करायला माणसं लावलीत." शेवटी वीस मिनिटं मिळाली आहेत, गुरुवारी ब्लँकेट धुण्याच्या वेळी. मला तीच वेळ हवी होती, कारण काकांचा हात गेला तेव्हा ब्लँकेट धुणंच चाललं होतं.

चौकशीत कारखान्याच्या साहेबांनी याच मुद्द्यावर जोर दिला होता, आठवतंय? "धुण्याच्या वेळी मशीन हळू असतं, म्हणजे आवाजही कमी असतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली असेल.

काका बरोबर येतायत. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, "दोरी ओढायला तुला दुसरा कोण मिळणार? मला अनुभव आहे."

तुझा धाकटा


शुक्रवार, २१ मार्च

दादा,

काल काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

घंटी सव्वीस पावलांवर, तुझ्या कागदाप्रमाणे कोपऱ्यामागे टांगली. दोरी मशीनच्या मागच्या बाजूने आणली आणि काका त्या टोकाला उभे राहिले. मी मशीनमनच्या फळीवर. माइक तुझ्या कानाच्या उंचीवर लावला, माझ्या कानापेक्षा चार बोटं वर. ठरलं असं की मी रुमाल हलवला की काकांनी ओढायला सुरुवात करायची.

मशीन हळू होतं. साहेबांचं तेवढं खरं होतं. पण मशीन हळू असलं म्हणून पंप हळू होत नाही. उलट ब्लँकेटमधलं पाणी ओढायला तो पुऱ्या जोराने चालतो, आणि वर ते फवारे पत्र्यावर आदळत असतात. दोन मिनिटांत माझ्या दाढा हुळहुळायला लागल्या. पिंपाला लावलेलं माझं व्हॅक्यूम क्लीनर आठवून लाज वाटली.

मी रुमाल हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. वीस मिनिटांतली सहा तिथेच गेली. मला वाटलं काकांना रुमाल दिसला नसेल, किंवा जुनी आठवण येऊन ते नुसते उभेच राहिले असतील. दोन्ही हात वर करून नाचलो. तिथला मशीनमन माझ्याकडे बघून हसायला लागला. शेवटी तणतणत पलीकडे गेलो आणि काकांच्या कानाशी ओरडलो, "काका, सुरू करा की! वेळ संपतोय!"

काका घामाने निथळत होते. दोरीचा पीळ उरलेल्या मनगटावर उमटला होता. ते म्हणाले, "सतरा झाल्या. अठरावी ओढू?"

घरी येऊन ध्वनिमुद्रण ऐकलं. घंटी त्यात आहे. पडद्यावर आलेखात ती एक बारीक ठिपका म्हणून दिसते, तीही मला ओढल्याची वेळ माहीत आहे म्हणून. डोळे मिटून ऐकलं की नाही. बारा वेळा ऐकलं. बायकोला बोलावलं, काय शोधायचं ते सांगितलं, तरी तिला सापडली नाही. "घंटी कुठली? हा तर नुसता गोंगाट आहे."

आणखी एक. त्या फळीवर उभं राहिल्यावर मला आठवलं की तिथे आपण दोघं कधी बोललोच नाही. मी डबा द्यायला यायचो तेव्हा तू हातवारे करायचास. मूठ गोल फिरवली म्हणजे साहेब फेरीवर आहेत. कानाची पाळी ओढली म्हणजे आज उशीर होईल, घरी सांग. तुझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर माझा कान असायचा, तरी तू बोलायचा प्रयत्नच करायचा नाहीस.

"आठवलं" असं वर लिहिलंय, ते खोडतो. मी ते कधी विसरलोच नव्हतो.

तुझा धाकटा


सोमवार, २४ मार्च

दादा,

आज बाईंशी कडाक्याचं भांडण झालं. मी त्यांना कालपर्यंतची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "हे तुमचं खरं असेल. पण घंटी ऐकूच आली नाही, तर हात का गेला ते लोकांना कळणार कसं?"

"ऐकू आली नाही म्हणूनच गेला. तेच तर कळायला हवं."

"गोंगाटात गोंगाट ऐकवून काही कळत नाही. लोक घड्याळं बघतील. तुम्ही आवाजवाले ना, जरा गोष्टीचा विचार करा."

मी नको ते बोललो. त्याही बोलल्या. गेल्या तेव्हा दार इतकं जोरात आपटलं की मी सवयीने मनात म्हटलं, हे ध्वनिमुद्रित करायला हवं होतं.

वाईट याचं की त्यांचं चुकत नाही. पंपाचा खरा आवाज सहाही स्पीकरमधून सोडला की लोकांना फक्त डोकेदुखी होईल. खणखणीत घंटी सोडली की पुन्हा तूच गुन्हेगार. सगळी दुपार यात गेली. मग तुझ्या कागदाकडे नुसता बघत बसलो आणि ध्यानात आलं की शेड रिकामी आहे, पण भिंती त्याच आहेत. लोक तिथे खुर्च्यांवर बसणार नाहीत, चालणार आहेत. मग घंटी सगळ्या स्पीकरमध्ये कशाला? ती फक्त कोपऱ्यामागच्या एका स्पीकरमध्ये, जिथे होती तिथेच. पंप आणि फवारे तुझ्या फळीशी, खऱ्या जोराने. माणूस तिकडून आत शिरेल, घंटी लख्ख ऐकेल, आणि ऐकत ऐकत सव्वीस पावलं चालेल. मी काही वर काढायचं नाही, काही दाबायचं नाही. सगळे थर नव्याने लावायला घेतलेत. गुरुवारी बाईंना दाखवणार.

आता जे लिहायचं टाळत तीन आठवडे पंपाबद्दल लिहितोय, ते लिहितो.

कोपऱ्यामागे स्टोअर होतं. घंटी स्टोअरच्या भिंतीवर होती. तिच्याखाली माझी खुर्ची होती. रंगकामासाठी तुझ्या डोक्यावरून काढलेली ती नंतर तिथेच टांगलेली राहिली, आणि रोज माझ्या डोक्यावर असल्यामुळे मी एकदा तिच्यावर टोपी अडकवली होती, म्हणून तू ओरडलाही होतास. त्या दिवशी ती वाजली तेव्हा मी दचकून उभा राहिलो. मला वाटलं, दादा थांबवेल. मी पुन्हा खाली बसलो, दादा. मी पावत्या लावत होतो.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. चहा दिला. "तू घंटी ऐकलीस ना? मग ऐकली म्हण. खोटं बोलायला कोणी सांगत नाहीये. पण विचारलं नाही तर उगाच फाटे फोडू नकोस." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले, एक नाही. बारा तारखेच्या पत्रात मी तुला एकच लिहिला. दुसरा असा होता: "तुम्हाला ऐकू आली, म्हणजे मशीनमनला ऐकू यायला काही अडचण नव्हती?" मी म्हटलं, "नव्हती."

तू दाराशी उभा होतास. तू माझ्याकडे बघून काही बोलला नाहीस, हातवाराही केला नाहीस.

पुढच्या महिन्यात साहेबांनी मला कायम केलं. तुझ्या कागदावर "हलगर्जीपणा" असा शब्द लागला आणि त्यानंतर एकाही कारखान्याने तुला फळीवर उभं केलं नाही. वहिनी म्हणते तू सायकली फार छान दुरुस्त करतोस. मला ते ऐकवत नाही.

संग्रहालयाच्या समितीचे अध्यक्ष कोण आहेत, तेही सांगतो. साहेब. हे काम मला त्यांनीच दिलंय. फोनवर म्हणाले, "तू आपला माणूस आहेस."

धाकटा


गुरुवार, २७ मार्च

दादा,

दोन गोष्टी झाल्या. आधी काल झालेली.

काल काकांना घेऊन कामगार कार्यालयात गेलो. कारकुनाला म्हटलं, बारा वर्षांपूर्वीचा जबाब बदलायचाय.

"जबाब बदलता येत नाही."

"मग?"

"नवा देता येतो."

"फरक काय?"

"फॉर्म वेगळा."

फॉर्म मिळाला. मग पुरावा म्हणून त्या वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण द्यायला गेलो, तर तो म्हणाला, "हे फाइलला कसं लावणार? याला टाचणी लागत नाही." तासभर या खिडकीतून त्या खिडकीत. काका शेवटी टेबलावर आपली रिकामी बाही ठेवून म्हणाले, "या हातालाही टाचणी लागत नाही, साहेब. तरी मागच्या वेळी लावला होता की फाइलला." कारकून उठला आणि आत जाऊन अधिकारीबाईंना घेऊन आला. त्यांनी हेडफोन लावून पूर्ण ध्वनिमुद्रण ऐकलं. मधे एकदा विचारलं, "घंटी सुरू कधी होते?" मी म्हटलं, "संपली." त्यांनी हेडफोन काढले आणि जुनी फाइल मागवली.

दुसरी गोष्ट आज सकाळची. बाई शेडमध्ये आल्या, तोंड फुगवूनच. मी कोपऱ्यातून सुरू केलं आणि त्यांना चालू दिलं. घंटी ऐकत त्या फळीच्या जागेकडे निघाल्या. अर्ध्या वाटेत थबकल्या, पुढे गेल्या, आणि फळीशी पोचल्यावर माझ्याकडे वळून हात उडवून ओरडल्या. ओठांवरून कळलं, "स्पीकर बंद पडला!" मी मान हलवून त्यांना परत बोलावलं. कोपऱ्याशी आल्या, तर घंटी वाजतच होती. पुन्हा फळीशी गेल्या. पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा परत आल्या तेव्हा निवेदनाचा कागद त्यांच्या हातात होता आणि त्यांनी ती दोन वाक्यं खोडली होती. "इथे काहीच बोलायचं नाही," म्हणाल्या. मग लगेच भडकल्या, "आणि माहितीपत्रकं छापून बसलीत, त्याचं काय करू? हे तुम्ही महिनाभर आधी नाही का सांगू शकलात?"

मी म्हटलं, "बारा वर्षं आधी सांगायला हवं होतं."

त्यांना ते कळलं नाही. मी समजावलंही नाही.

पुढचं असं आहे. सोमवारी समिती ऐकणार. साहेब आधी फळीकडे जातात की कोपऱ्याकडे, यावर माझा काही ताबा नाही. त्यांनी नको म्हटलं तर बाई म्हणतात त्या भांडतील, आणि भांडण त्यांना जमतं हे मी पाहिलंय. तरीही काढून टाकलंच, तर माझं नाव त्यावर नसेल. पाच एप्रिलला उद्घाटन. ठमीची शाळा नऊला.

सुनावणी त्याआधी आहे, दोन एप्रिलला, बुधवारी, सकाळी साडेअकराला. नोटीस शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. साहेबांनाही गेली आहे. तू आला नाहीस तर तुझ्या नावापुढे "गैरहजर" लिहून कामकाज पुढे नेतील, तेव्हा माझ्यासाठी यायची गरज नाही. यायचंच झालं तर काकांनी निरोप दिलाय की त्यांच्या शेजारची खुर्ची ते धरून ठेवतील. मी समोरच्या बाजूला असेन. माझ्याशी बोलावं लागणार नाही.

पहिली साक्ष माझी आहे. अधिकारीबाईंनी विचारायच्या प्रश्नांची यादी आधीच दिली आहे, तसा नियम आहे म्हणे. आठ प्रश्न आहेत. पहिला असा: घटना घडली त्या वेळी साक्षीदार नेमका कुठे बसला होता?

धाकटा